दोरी सैल पडते तो क्षण

घोड्याच्या पाठीवर माशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरथरते. मान स्थिर असते, पाय स्थिर असतात, फक्त माशीखालचा तो वीतभर भाग हलतो आणि माशी उडून जाते. माशीचे वजन काही मिलिग्रॅम, घोड्याचे चारशे किलोच्या आसपास. दाट केसांवर उतरलेला एवढासा स्पर्श कातडीला कळतो, तिथून मज्जारज्जूपर्यंत जातो, आणि कातडीखाली पसरलेला स्नायूचा पातळ पडदा बरोबर त्याच जागी आकसतो. माणसाच्या अंगात असा पडदा जवळजवळ उरलेलाच नाही. आपल्याला माशी हातानेच हाकलावी लागते.

ज्याला माशी कळते त्याला टाच मारून, लगाम हिसकून, चाबूक ओढून काय सांगायचे? तरीही घोडा शिकवणे म्हणजे त्याला ताकदीने वाकवणे, ही समजूत गावोगाव घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात चारशे किलोच्या प्राण्याला साठ-सत्तर किलोचा माणूस ताकदीने वाकवूच शकत नाही. चांगले घोडे तयार करणारे लोक जे करतात ते निराळेच असते, आणि ते इतके बारीक असते की शेजारी उभ्या माणसाच्याही नजरेतून निसटते. ते पाहायचे तर मार्गशीर्षात सारंगखेड्याला जावे.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीकाठी आहे. रेल्वेने यायचे तर सुरत-भुसावळ मार्गावरच्या दोंडाईच्याला उतरून पुढे रस्त्याने. इथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे आणि दत्तजयंतीपासून यात्रा भरते. यात्रा दत्ताची, पण देशभर नाव झाले ते घोडेबाजाराचे. तीनशेहून अधिक वर्षांची ही परंपरा आहे असे इथे सांगितले जाते, आणि अलीकडे तिला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाबातून घोडे ट्रकमधून उतरतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडणारे मारवाडी आणि काठेवाडी, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरे, किंचित बाकदार नाकाचे सिंधी. कुमैत, मुश्की, अबलख, पंचकल्याणी असे रंग पुकारले जातात. गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे शोधते, त्यांत शुभ मानला जाणारा देवमण आहे का बघते, ओठ वर करून दात मोजते. मग येते ती खरी मागणी. ‘चाल दाखव भाऊ!’

या मागणीत सगळ्यात मानाची चाल म्हणजे रेवाल. ती समजून घेण्यासारखी आहे. घोडा दुडक्या चालीने पळतो तेव्हा पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. या दोन जोड्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. घोडा हवेत जातो आणि खाली येतो, त्याबरोबर स्वारही उसळतो आणि आदळतो. दुडकीने चार कोस गेलेल्या माणसाची कंबर हे सांगेल. रेवालीत मात्र एका बाजूचे मागचे आणि पुढचे पाऊल जवळजवळ लागोपाठ पडते, मग दुसऱ्या बाजूचे. कुठले तरी पाऊल सतत जमिनीवर असते, त्यामुळे पाठ वरखाली होत नाही, नुसती पुढे वाहत जाते. म्हणूनच हातात पाण्याचा भरलेला पेला धरून रेवाल दाखवण्याची रीत पडली. थेंब सांडला नाही तर चाल पक्की. सिंधी घोडा याच चालीसाठी वाखाणला जातो.

आता यातली नवलाची गोष्ट. 2012 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लेफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइसलँडच्या घोड्यांवर काम केले. तिथले काही घोडे चालीचे जन्मजात धनी असतात, काही नसतात. फरक शोधत शोधत संशोधक ‘डीएमआरटी 3’ नावाच्या एका जनुकापाशी पोहोचले. त्यात एकाच अक्षराचा बदल झालेला होता. त्या बदलामुळे एक प्रथिन अर्धवट तयार होते, आणि ते प्रथिन काम करते मज्जारज्जूतल्या अशा पेशींमध्ये, ज्या डाव्या-उजव्या आणि पुढच्या-मागच्या पायांचा मेळ जमवतात. असा बदल असलेल्या घोड्याला बाजूचे पाय जोडीने टाकणे सोपे जाते आणि दुडकीतून भरधाव दौडीत शिरणे अवघड जाते. दोन वर्षांनी जगभरातल्या 141 जातींचे घोडे तपासले गेले, तेव्हा 68 जातींमध्ये हा बदल सापडला. पाठीवर बसून दूरचा प्रवास करणाऱ्या माणसांनी, जनुक म्हणजे काय याची कल्पनाही नसताना, निव्वळ आपल्या कंबरेच्या साक्षीने एक अक्षर निवडून पिढ्यान् पिढ्या जपले होते!

पण अंगात चाल असणे वेगळे आणि मागितली की ती मिळणे वेगळे. घोडा स्वतःच्या मर्जीने चालेल तशी चाल बाजारात विकली जात नाही. ती सांगितल्या क्षणी सुरू व्हावी लागते आणि सांगितल्या क्षणी थांबावी लागते. इथे शिक्षण सुरू होते, आणि ते सुरू होते एका साध्या दोरीपासून.

शिंगराच्या तोंडावर पहिल्यांदा मोरखी चढवून दोरी हलकेच ओढली तर ते काय करते? उलट ओढते. मान ताणते, मागचे पाय रोवते, प्रसंगी मागे कोसळते. यात हट्टीपणा नाही. मोकळ्या माळावर ज्याच्या मानेला कुणी धरले, त्याला बहुतेक वेळा लांडग्याने धरलेले असते, आणि जो सगळ्या ताकदीने सुटायची धडपड करतो तोच वाचतो. अशा वेळी अडाणी माणूस चौघांना बोलावून दोरी ओढतो. जाणता माणूस दोरीवर ताण ठेवतो, पण वाढवत नाही. तो वाट पाहतो. शिंगरू धडपडते, थकते, आणि केव्हातरी वजन जरासे पुढे टाकते. पाऊल अजून उचललेले नसते, खांदा फक्त झुकलेला असतो. नेमक्या त्या क्षणी हात सैल होतो. ताण नाहीसा. शिंगरू चकित होऊन उभे राहते. पुन्हा हलका ताण, पुन्हा वाट पाहणे, आणि या वेळी पाऊल पडते. पुन्हा ढील.

घोडा ओढण्याने शिकत नाही, ओढ थांबण्याने शिकतो. ताण हा फक्त प्रश्न आहे. ढील हे उत्तर बरोबर आल्याचे त्याला कळवणे आहे. हे कळवायला दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तरी घोडा भलतेच शिकतो, कारण तेवढ्यात त्याने मान हलवलेली असते, कान फिरवलेला असतो, पाय मागे घेतलेला असतो, आणि ढील त्याच गोष्टीसाठी मिळाली असे तो धरून चालतो. ‘घोडा खोडकर आहे’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा तो अतिशय आज्ञाधारक असतो. मालकाच्या हाताने चुकीच्या वेळी जे शिकवले ते तो प्रामाणिकपणे करत असतो.

माणसाच्या दोरीला असा प्रतिसाद देणारा प्राणी निसर्गात आयता मिळालेला नाही. 2021 साली लुडोविक ऑर्लांडो आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय चमूने प्राचीन घोड्यांच्या हाडांमधल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजचे सगळे पाळीव घोडे सुमारे 4200 वर्षांपूर्वी, व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यात वाढलेल्या एका वंशातून पसरले, असे त्यातून दिसले. त्या वंशात दोन जनुकांवर माणसाच्या निवडीचा ठळक ठसा होता. एक पाठीच्या कण्याच्या बळकटीशी जोडलेला, दुसरा मनाची भीती आणि आक्रमकपणा आवरण्याशी. ओझे पेलणारी पाठ आणि घाबरले तरी सावरणारे मन, एवढ्या दोन देणग्यांवर घोडा काही शतकांत युरोपपासून मंगोलियापर्यंत पोहोचला. तापीकाठी दावणीला उभा असलेला अबलख त्याच वंशाचा आहे.

दोरीच्या या भाषेचे शिखर कुठे दिसते असे विचाराल तर मी आपल्याला फार दूर नेईन, अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या रोडिओच्या मैदानांवर. तिथे काफ रोपिंग नावाचा प्रकार चालतो. भरधाव घोड्यावरून पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकायचा, खाली उडी मारायची, वासराला आडवे पाडून त्याचे तीन पाय बांधायचे. हे सगळे मातब्बर स्वार सात-आठ सेकंदांत उरकतात. प्रेक्षक स्वाराकडे पाहतात. मी म्हणेन, घोड्याकडे पाहावे.

आधी त्या कसबाचे मूळ. अमेरिका खंडातले मूळचे घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले होते. 1493 साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत ते पुन्हा त्या बाजूला उतरले, आणि 1519 मध्ये कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला. पुढे तिथल्या अफाट कुरणांवर गुरांचे हजारोंचे कळप मोकाट वाढू लागले. वासरू आजारी पडले, त्याला डाग द्यायचा झाला, तर ते मैलभर पसरलेल्या माळावर धरायचे कसे? पायी माणसाला ते शक्यच नव्हते. मेक्सिकोतल्या गुराख्यांनी घोडा आणि फास यांची जोडी बसवली, उत्तरेकडच्या काउबॉयने ती उचलली, आणि नंतर कामाचा खेळ झाला.

आपल्याकडे हे का घडले नाही, याचे उत्तर कुठल्याही खानदेशी गोठ्यात मिळते. इथे गाय दिवसभर चरून सांजेला आपणहून घरी येते, कारण तिचे वासरू खुंट्याला बांधलेले असते. ज्या वासराला रोज हाताने पाणी पाजले, त्याच्यामागे घोडा पळवावा लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याने मेंढरे घेऊन फिरणाऱ्या ठेलारी धनगरांकडे घोड्या असतात, पण त्या बिऱ्हाड वाहतात. दोरी इथेही होती आणि घोडाही होता. दोघांची गाठ पडावी असे काम मात्र नव्हते.

आता मैदानावरचा घोडा. वासरू फाटकातून सुटते, त्याला थोडी आघाडी दिली जाते. घोडा शेजारच्या खोपट्यात दोरीच्या अडसरामागे उभा असतो. अडसर आधी तुटला तर दहा सेकंदांचा दंड, म्हणजे खेळच संपला. समोरून वासरू पळताना दिसते, अंगातली सगळी ताकद पायांत गोळा झालेली असते, तरीही इशारा येईपर्यंत घोड्याने पुतळ्यासारखे उभे राहायचे. हे शिकवायचे कसे? अनुभवी लोक सरावाच्या वेळी घोड्याला खोपट्यात उभे करतात, वासरे सोडतात, आणि त्यांच्यामागे जातच नाहीत. एक वासरू गेले, दुसरे गेले, स्वार शांत बसलेला. घोड्याला उमजते की फाटक उघडणे हा पळण्याचा इशारा नव्हे. घोडा बिघडू न देण्याचा याहून सोपा उपाय नाही, आणि याच उपायाला लोक सर्वांत आधी कंटाळतात.

मग दौड. घोड्याने वासराला गाठायचे, पण ओलांडायचे नाही. ठरावीक अंतरावर येऊन वेग वासराच्या वेगाशी जुळवायचा आणि तिथेच टिकायचे. वासरू हळू झाले तर हळू, वळले तर वळायचे. स्वाराचा एक हात फास फिरवत असतो, दातांत पाय बांधायची आखूड दोरी असते, लगामावर फारसे काही उरलेले नसते. हा हिशेब घोड्याचा एकट्याचा. तो शिकवताना सुरुवातीचे कितीतरी दिवस फास टाकतच नाहीत. नुसते वासरामागे धावायचे, अंतर राखायचे, थांबायचे. स्वाराचा फासाचा सराव वेगळा, जमिनीवर उभे राहून, वासराच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर. दोन्ही शिकाऊ एकत्र आणले की दोघेही बिघडतात, म्हणून नवा स्वार जुन्या घोड्यावर आणि नवा घोडा जुन्या स्वाराखाली, हा शहाणपणाचा रिवाज आहे.

फास गळ्यात पडतो आणि इथून पुढचे पाहताना मला दरवेळी विस्मय वाटतो. पंचवीस-तीस फुटांच्या त्या दोरीचे दुसरे टोक खोगिराच्या पुढच्या उंचवट्याला पक्के बांधलेले असते. घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन जागीच थांबतो. स्वार खाली उतरून दोरीच्या कडेने वासराकडे धावतो. घोड्याच्या पाठीवर आता कोणी नाही, लगाम मोकळा, समोर शंभर-सव्वाशे किलोचे भेदरलेले वासरू. इथे घोड्याने पळून जाणे सर्वांत स्वाभाविक ठरले असते. तो पळत नाही. तो वासराकडे तोंड करून उभा राहतो, दोन्ही डोळे आणि दोन्ही कान त्याच्यावर रोखतो आणि पावलापावलाने मागे सरकत दोरी ताठ ठेवतो. वासरू पुढे आले तर तो तेवढाच मागे जातो.

शिंगराचा पहिला धडा इथे आठवायला हवा. दोरीने ओढले की ओढीकडे यायचे, विरोध करायचा नाही, असे आपण त्याला शिकवले होते. आणि इथे तोच प्राणी दोरीने ओढले की नेमके उलट करतो, मागे रेलतो. दोन्ही धडे एकाच डोक्यात शाबूत आहेत! कारण घोडा ओढ कुठे लागली हे ओळखतो. मोरखीवर लागलेली ओढ म्हणजे ‘ये’, आणि खोगिरावर लागलेली ओढ म्हणजे ‘धरून ठेव’. माशीची जागा अचूक सांगणारी जी कातडी, तीच इथे उपयोगी पडते.

हा भेद शिकवण्यासाठी साधीच साधने वापरतात. घोड्याच्या मानेभोवती एक सैल दोर असतो आणि फासाची दोरी त्यातून ओवलेली असते, म्हणजे घोड्याचे तोंड वासराकडेच राहते, तो आडवा फिरत नाही. दुसरे साधन अधिक कल्पक. लगामापासून निघालेली एक पातळ दोरी खोगिरावरच्या कप्पीतून घेऊन तिची वेटोळी स्वार आपल्या कमरपट्ट्यात खोचतो. तो वासराकडे धावू लागला की ही दोरी सुटत जाते, लगामाला हलकी कंपने देत राहते, आणि घोड्याला मागे सरकण्याची आठवण होते. घोडा मागे सरकला, दोरी ताठ झाली, स्वार पोहोचला, की कंपने थांबतात. ती थांबणे हीच ढील. काही काळाने या दोरीची गरज फारच थोडी उरते.

शेवटी स्वार हात वर करतो, परत घोड्यावर बसतो आणि घोडा दोन पावले पुढे नेतो. दोरी सैल पडते. वासराचे पाय आता सहा सेकंद बांधलेले राहिले तरच वेळ धरली जाते.

वासराच्या बाजूनेही बोलायलाच हवे. घोडा झटक्याने थांबला तर गळ्यातल्या फासाने वासरू मागे फेकले जाते, आणि ते पाहवत नाही. याविरुद्ध तिथे मोठा आवाज उठलेला आहे. घोड्याने वासराला फरपटत नेऊ नये असा नियमही खेळात आहे. माझे मत स्पष्ट आहे की हा खेळ आपल्याकडे आणण्याची काहीही गरज नाही. पण त्या घोड्याला जे येते ते विसरूनही चालणार नाही, कारण तेच सारंगखेड्यात दुसऱ्या रूपात दिसते.

बाजारात गर्दी सर्वांत दाट असते ती नाचऱ्या घोड्याभोवती. ढोल-ताशा वाजतो, घोडा जागच्या जागी पावले उचलतो, मान कमानदार करतो, कधी मागच्या दोन पायांवर उभा राहतो. लोकांना वाटते घोडा तालावर नाचतोय. मालकाच्या हाताकडे नीट पाहिले तर दोरीवरची बोटे हलताना दिसतात, पायाशी काठीचे टोक टेकताना दिसते, त्याचे स्वतःचे खांदेही हलत असतात. घोडा मालकाला वाचत असतो.

हे वाचन किती सूक्ष्म असते, याची गोष्ट बर्लिनमध्ये घडली. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की तो टापेचे ठोके देऊन बरोबर उत्तर द्यायचा. 1904 साली त्याची तपासणी करायला जाणत्यांची समिती बसली आणि तिला कसलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने चिकाटीने प्रयोग केले आणि 1907 मध्ये निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल तर हान्स चुकत होता. ठोके बरोबर आकड्यावर पोहोचले की विचारणाऱ्याचे डोके कळत-नकळत किंचित वर होई, आणि हान्स तेवढ्यावर थांबे. लोक म्हणाले, म्हणजे घोडा हुशार नव्हताच. मला हा न्याय पटत नाही. विद्वानांच्या समितीला जे दिसले नाही ते घोड्याला दिसत होते.

2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. लोकांना घोडा धरून किंवा त्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सांगितले. शेवटच्या खेपेला सांगितले की वाटेत अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. ज्या घोड्याला छत्रीबद्दल काही माहीत नव्हते, त्याने माणसाची भीती दोरीतून उचलली होती. म्हणून नव्या घोड्याजवळ जाताना स्वतःचा श्वास आधी सावरणे हा तंत्राचाच भाग आहे. त्यात भाबडेपणा काही नाही.

आणि म्हणूनच काटेरी लगाम पाहिला की संताप येतो. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये निसर्गतः मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तिथे बसते, आणि तिथे हिरडीखाली लगेच हाड लागते. या नाजूक जागेवर बोटाच्या दाबाने बोलता येते. तिथे काटे लावणे म्हणजे कानाशी बोलणाऱ्याने किंचाळणे. 1965 सालच्या भारवाहू प्राण्यांबाबतच्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगाम वापरायला बंदी घातलेली आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो सापडतो. दुखण्याने घोडा मान उडवतो, पावले नाचवतो, आणि बघणाऱ्याला वाटते काय रुबाब आहे! नाचात रुबाब असतो तसे दुःखही असते, आणि दोन्ही वेगळे ओळखता येतात. कान मोकळे फिरत असतील, जबडा सैल असेल, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत नसेल, तर घोडा काम समजून करतोय. शेपूट सतत फटकारत असेल, तोंड उघडे पडत असेल, ओठांचे कोपरे सोललेले असतील, तर सौदा तिथेच सोडावा. मालकाने घोड्याशी बोलायचे कधीच सोडून दिलेले असते.

दात मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घोड्याचे दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने बदलतात, पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. पाठीच्या कण्यातली हाडे मात्र पक्की व्हायला साडेपाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे दोन दात आलेला, उंचीने पुरा वाटणारा वछेरा आतून कोवळाच असतो. त्याला चालायला, थांबायला, मागे सरकायला, पाय उचलून द्यायला जमिनीवरून जितके शिकवता येईल तितके शिकवावे. पाठीवर बसायला थांबता येते.

आणि रोज शिकवलेच पाहिजे असेही नाही. 1980 साली अमेरिकेत तट्टांचे तीन गट करून त्यांना एक छोटा अडसर ओलांडायला आणि खूण दिसताच मागे सरकायला शिकवले गेले. एका गटाला रोज धडा, दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा, तिसऱ्याला एकदाच. सर्वांत कमी धड्यांत शिकला तो आठवड्यातून एकदाच धडा मिळालेला गट. मधल्या सहा दिवसांत तट्टे नुसती चरत होती. आणि एकदा शिकलेले टिकतेही. काही घोड्यांनी ओळखण्याचे धडे सहा-सहा, दहा-दहा वर्षांनी, मध्ये एकदाही सराव न होता, बरोबर करून दाखवल्याची नोंद आहे.

यात्रा सरत आली की दावणी रिकाम्या होऊ लागतात. सारंगखेड्यातून घोडा शहाद्याला जातो, तळोद्याला जातो, मध्य प्रदेशात जातो, आणि नवा मालक हौसेने दुसऱ्याच दिवशी खोगीर चढवतो. तसे करू नये. प्रवासाने थकलेल्या, अनोळखी माणसांत आलेल्या जनावराला पहिले काही दिवस पाणी, चारा, खरारा आणि त्याच एका माणसाचा आवाज पुरे. मग मोरखी, मग लांब दोरी. दोरीवर ताण द्यावा तो एका बोटाचा, आणि मान आपल्याकडे वळताच बोट सोडावे. पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूने. दहा मिनिटे झाली की थांबावे, घोडा अजून उत्सुक असतानाच.